संगमनेरचा डफ आणि हिवरगावचे चाळ

आवडते गाणे कोणते, असे कुणी विचारले की आपण चारचौघांत एक उत्तर देतो आणि दुसरे मनात ठेवतो. चारचौघांत अभंगाचे नाव घेतो, भावगीताचे घेतो. मनात मात्र ढोलकी वाजत असते. श्रोतेहो, आज आम्ही त्या मनातल्या उत्तराविषयी बोलणार आहोत. शिष्टांच्या संमतीची वाट न पाहता जी कला उभी राहिली, तिचा इतिहास शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला एकटा संगमनेर तालुका त्यासाठी पुरेसा आहे.

संगमनेरात १७४४ साली अनंत घोलप जन्माला आला. कुळ ब्राह्मणाचे, पण त्याचा जीव रमला तो तमाशात. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याची इतकी मैत्री जडली की लोक यालाही फंदी म्हणू लागले, आणि तेच नाव पुढे इतिहासात राहिले. ब्राह्मणाच्या मुलाने फकिराचे नाव मिरवावे आणि हाती डफ घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडजवळ, १७९५ साली झालेल्या खर्ड्याच्या लढाईवर त्याने पोवाडा रचला. फटका हा रचनाप्रकार तर मराठीत त्याच्याच नावाने ओळखला जातो.

या फंदीची एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. चौंडीची लेक अहिल्याबाई होळकर हिने त्याला समजावले, की ब्राह्मणाने तमाशा करणे बरे नव्हे. आणि फंदीने तमाशा सोडून कीर्तन धरले. गोष्ट गोड आहे, पण सनावळी काय सांगते तेही पाहावे. अहिल्याबाई १७९५ च्या ऑगस्टात निवर्तल्या. दुसरा बाजीराव पेशवेपदावर आला तो १७९६ च्या अखेरीस. आणि फंदीचा पोवाडा या बाजीरावावरही आहे! म्हणजे फंदी कीर्तनाला उभा राहिला असेल, पण त्याच्यातला शाहीर काही गप्प बसला नाही. समाजाला मात्र सुधारलेला फंदीच अधिक भावला. बंडखोर आपल्याला हवा असतो, पण तो अखेर घरी परतलेला हवा असतो.

आता त्याच तालुक्यातले दुसरे गाव पाहू. पुणे-नाशिक रस्त्यावर हिवरगाव पावसा आहे. तेथे १८७० साली एका महार कुटुंबात पवळा जन्मली. पुढे सारा महाराष्ट्र तिला ‘नामचंद पवळा’ म्हणून ओळखू लागला. तोवर तमाशात बाईचे सोंग नाच्या पोऱ्या करीत असे. फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री हा मान पवळेला दिला जातो. पठ्ठे बापूरावांच्या फडात ती आली आणि मुंबईच्या थिएटरांत त्या जोडीने लोकांना वेड लावले. हे बापूराव म्हणजे सांगलीकडच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांनी कुलकर्णीपण टाकले, सोवळे टाकले आणि फडात येऊन राहिले.

बापूरावांचे हे बंड खरे होते, त्याची किंमतही त्यांनी भरली. १९४५ साली ते गेले ते हलाखीतच. पण एक फरक आपण विसरू नये. बापूरावांनी जे टाकले ते त्यांच्यापाशी होते म्हणून टाकता आले. पवळेपाशी टाकण्यासारखे काय होते? कुळाचा मान तिला जन्मतःच नाकारलेला होता. फंदीला परतायला कीर्तनाची वाट होती. पवळेला तशी वाट कुणी दाखवल्याचे ऐकिवात नाही. लावणीच्या अखेरच्या कडव्यात नाममुद्रा गुंफली जाते ती बापूरावांची. ती लावणी जिच्या गळ्याने आणि पायांनी घरोघर पोहोचवली, ती पवळा १९३९ साली गेली.

एक हकीकत सांगितली जाते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेण्यास नकार दिला. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा आम्हांला नको, हा त्या नकाराचा आशय. आम्हां लावणीवेड्यांना ही हकीकत प्रथम कानी आली तेव्हा बोचली. सोवळे झुगारून आलेल्या शाहिराचा हात असा परत करावा? पण विचार करता करता आम्हांला उमगले की तो नकार एक प्रश्न विचारीत होता. कला बंडखोर असली म्हणून ती सादर करणारी माणसे मोकळी होतात काय? या प्रश्नाचे उत्तर बापूरावांपेक्षा आपण प्रेक्षकांनी देणे आहे. तिकीट आपणच काढत होतो, आणि खेळ संपल्यावर त्या बाईला गावाबाहेर ठेवणारेही आपणच होतो.

पवळेच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी, १९७८ साली, शेजारच्या अकोले तालुक्यातील धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. महारवाड्यातल्या माणसाने आपले जिणे आपल्याच शब्दांत, आपल्याच नावाने मांडले. ते वाचून पुष्कळ पांढरपेशी घरे अस्वस्थ झाली. ढोलकीच्या तालावर जे आपल्याला ऐकू आले नव्हते, ते या पुस्तकाने ताल न धरता ऐकवले.

म्हणून आवडती लावणी आम्ही सोडणार नाही, आणि आपणही सोडू नये. ती पुढच्या वेळी कानी पडेल तेव्हा शेवटच्या कडव्यातले नाव जरूर ऐकावे. आणि ते ऐकून झाले की हिवरगावच्या पवळेचे नाव आपल्या तोंडाने घ्यावे. लावणीत ते नाही. म्हणून ते घेण्याचे काम ऐकणाऱ्यांकडे आले आहे.