गिझर पेटत नाही तेव्हा...



गेल्या पौषातली गोष्ट. अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगरावर, त्यामुळे खाली परळीला लोकांनी स्वेटर घडी करून ठेवले तरी आमचे अंगावरच असतात. सकाळी सहाला न्हाणीत गेलो आणि नळ सोडला. एरवी नळ सोडला की गॅस गिझर आधी टक् टक् टक् करतो आणि मग भप्पकन पेटतो. त्या दिवशीही टक् टक् झाले, भप्पही झाले, आणि चार-पाच सेकंदांत सगळे विझले. नळ बंद केला, पुन्हा सोडला. तोच प्रकार. सौ. बाहेरून म्हणाली, "अहो, सिलिंडर संपला असेल." सिलिंडर परवाच लावला होता.

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्राशी माझा संबंध सायकलची चेन बसवण्यापुरता. पण निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि बायकोसमोर हार मानायची सवय नसते. टॉवेल गुंडाळूनच तपासणी सुरू केली.

गिझरच्या बुडाशी टॉर्चचे दोन मोठे सेल असतात. ठिणगी पाडायला आणि गॅसची झडप उघडायला तेवढी वीज पुरते. सेल नवे घातले. फरक नाही. मग पाण्याकडे वळलो. या गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने तो पडदा सरकतो, एक दांडी ढकलतो, दांडी बटण दाबते, आणि मग ठिणगी व गॅस एकदम सुरू होतात. पाण्याचा जोर कमी असेल तर पडदा हलत नाही आणि गिझर ढिम्म राहतो. गच्चीवरची टाकी न्हाणीच्या जेमतेम डोक्यावर असेल तर हे हमखास होते. शिवाय आमचे बोअरचे पाणी जड. पाणी येते त्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर पांढरा खडूसारखा थर बसतो. जाळी काढली, व्हिनेगरमध्ये बुडवली, जुन्या दातांच्या ब्रशने घासली. पाण्याचा जोर वाढला खरा. गिझर मात्र पुन्हा चार-पाच सेकंद पेटला आणि विझला.

आता मला सुचायचे बंद झाले. पेटतो म्हणजे सेल, पाणी, गॅस तिन्ही आहेत. मग विझतो का?

मिस्त्रीला फोन केला. माझाच जुना विद्यार्थी. "सर, आज बीडला आलोय. उद्या सकाळी येतो. तवर काही खोलू नका." (मी काय काय खोलून बसलो होतो ते त्याला सांगितले नाही.) आता दिवसभराच्या पाण्याचे काय? सौ.ने माळ्याकडे बोट दाखवले. माळ्यावर आमचा बंब होता.

हा तांब्याचा बंब आईचा. बाहेर गोल पिंप, मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि राखेचे भांडे, बाजूला पितळी तोटी. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. रशियन लोकांचा चहाचा सामोवार याच जातीचा. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असे मानतात. बोंबा म्हणजे पंप. म्हणून तर आग विझवायला येतो तो बंब, आणि पोटात आग घेऊन अंघोळीचे पाणी तापवतो तोही बंब! वर्गात हे सांगितले की पोरे हमखास हसायची.

आमच्या लहानपणी बंब अंगणातच पेटायचा. तुराट्या, पऱ्हाट्या, कणसाची बुरकुंडे, गोवरीचा तुकडा, जे हाती लागेल ते त्याच्या पोटात. बंब घरात आणायला आजी देत नसे. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी ठेवायचे, तेव्हाही ती एक दार किलकिले ठेवायला लावायची. थंडीचे वारे येते म्हणून आई कुरकुरायची, पण आजीपुढे कुणाचे चालायचे नाही. आजी शाळेत गेलेली नव्हती. तिला हे कुणी सांगितले होते देव जाणे.

बंबानंतर घरात स्टोव्ह आला. पंप मारायचा पितळी स्टोव्ह मूळचा स्वीडनचा, १८९२ सालचा, 'प्रायमस' नावाचा. आपल्याकडे सगळ्याच जातीच्या स्टोव्हना लोक प्रायमस म्हणू लागले. पुढे वातीचा 'नूतन' स्टोव्ह आला, तो इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने तयार केलेला. रॉकेलच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

गॅसचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो दगडी कोळशापासून काढलेला गॅस, परळ-लालबागच्या कारखान्यातून नळाने येणारा. सिलिंडरचा गॅस त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९५५ साली, मुंबईतच आला. बर्मा शेल कंपनीने तो 'बर्शेन' या नावाने विकला. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात गेला. एस्सोची मालकी १९७४ साली सरकारकडे आली, बर्मा शेलची १९७६ साली, आणि त्यांतून आजचे एचपी आणि भारत गॅस उभे राहिले. आमच्या घरी सिलिंडर यायला ऐंशीचे दशक उजाडले, तेही नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. पहिल्या दिवशी सौ.ने शेगडीला हळदकुंकू वाहिले होते.

न्हाणीत गॅस शिरला तो त्याहून उशिरा, आणि त्याचे कारण वीज. परळीचे औष्णिक केंद्र आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर. १९७१ पासून तिथे वीज तयार होते आहे. पण २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यात भारनियमन असे होते की चिमण्या दिसाव्यात पण दिवे दिसू नयेत. (२०१५ साली तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले, आणि पुढच्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आले.) विजेचा गिझर घ्यावा तर पहाटे वीज नाही. म्हणून गावोगाव सेलवर चालणारे गॅस गिझर भिंतीवर लागले. आम्हीही लावला, न्हाणीच्या आतच. दुकानदाराने विचारले नाही, आम्हीही विचारले नाही.

बंबावरच्या पाण्याने अंघोळ करून, चहा घेऊन, मी गिझरचे मूळ शोधायला बसलो. सवय जात नाही. 'गिझर' हा शब्द आइसलँडचा. तिथे गेसिर नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, तो उसळून आकाशात उडतो. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन या माणसाने अंघोळीचे पाणी गॅसवर तापवणाऱ्या यंत्राला हे नाव दिले. मॉघन मूळचा रंगारी, घरांच्या सजावटीची रंगकामे करणारा. त्याच्या यंत्रात वरून थंड पाणी सोडायचे, खाली गॅस जाळायचा, आणि जळालेल्या वायूंच्या झोतातून पाणी खाली येता येता तापायचे. पाणी लगेच गरम मिळायचे. पण त्याला धुराडे नव्हते. जळलेला वायू न्हाणीतच राहायचा.

नंतर नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूडने १८८९ साली टाकीवाला गॅस गिझर केला. जर्मनीत ह्युगो युंकर्स या प्राध्यापकाने गॅसची उष्णता मोजण्याचे यंत्र करता करता त्याचाच गिझर बनवला आणि १८९५ साली देसाउ गावी कारखाना काढला. पुढे याच युंकर्सने १९१५ साली संपूर्ण धातूचे विमान उडवले! विमानाचा खर्च गिझरच्या पैशातून निघाला. हे वाचून मी सौ.ला हाक मारली, तर ती म्हणाली, "आधी आपला पेटवा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गिझरचे झाकण काढले आणि गप्प झाला. मग म्हणाला, "सर, इकडं या."

आत सगळे काळेकुट्ट. तांब्याच्या पातळ पात्यांमधून ऊन हवा वर जायची वाट काजळीने जवळजवळ बुजली होती. बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे आणि धूळ. त्याने मला दोन तारा दाखवल्या. एक ठिणगीची. दुसरी ज्योत ओळखणारी, ती ज्योतीतच बुडालेली असते. ज्योतीतून अगदी बारीक विद्युत्प्रवाह वाहू शकतो. तो मिळाला की यंत्राला कळते की गॅस पेटला आहे. नाही मिळाला तर यंत्र समजते की गॅस न जळताच बाहेर पडतो आहे, आणि झडप बंद करते. या तारेवर काजळी चढली होती. ज्योत समोर असून तिला दिसत नव्हती.

"सर, ज्योत निळी होती का पिवळी?"

मी कधी पाहिलेच नव्हते. गरम पाणी येते एवढे पाहत होतो.

मग त्याने मान वर केली आणि न्हाणीच्या झरोक्याकडे पाहिले. झरोक्यात पुठ्ठा आणि वर्तमानपत्रे ठासून भरलेली होती. थंडीचे वारे येते म्हणून महिन्याभरापूर्वी मीच ती भरली होती, स्टुलावर चढून, चिकटपट्टी लावून, नीटनेटकी.

"काकू, अंघोळीनंतर काही त्रास व्हायचा का?" त्याने सौ.ला विचारले.

त्या महिन्यात ती दोनदा अंघोळ करून आली ती डोके धरूनच. चक्कर, मळमळ. एकदा तर दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली होती. आम्ही ते रक्तदाबावर टाकले. मी तिला मिठावरून चार शब्द सुनावलेही होते. मला स्वतःला काही झाले नाही, कारण मी दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर पडणारा. तिला कढत पाण्याने सावकाश नहायची सवय, आणि गिझर तेवढा वेळ चालूच.

नातवाने फोनवर हिशेब करून दिला. मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर नऊ-दहा किलोवॅट उष्णता लागते. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा. म्हणजे दार लावलेल्या चार बाय सहाच्या न्हाणीत चार-पाच शेगड्या एकदम पेटवल्यासारखे. एक भाग गॅस नीट जळायला पंचवीस-तीस भाग हवा हवी. ती मिळाली नाही की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायूची जागा तो दोनशेपट अधिक ओढीने धरून बसतो. हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५०च्या दशकात शोधायला घेतले होते. पुढे जॉन हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने तो वायू स्वतः हुंगून काय काय होते याची टिपणे ठेवली, आणि खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यायला सांगितले, कारण लहान जीव आधी कोसळतो आणि माणसाला पळायला वेळ मिळतो.

मी हे सगळे वाचले ते नंतर. झरोका बुजवताना मला त्यातले काही माहीत नव्हते. दर हिवाळ्यात पेपरात येणाऱ्या, न्हाणीत बेशुद्ध सापडलेल्या माणसांच्या बातम्या मात्र मी वाचत होतो. त्याच कागदांचा मी बोळा केला असेल.

काजळीने ती तार आंधळी झाली नसती तर गिझर पेटतच राहिला असता. हा विचार मी सौ.जवळ बोललो नाही. तिला तो माझ्याआधीच आला होता बहुतेक. त्या रात्री ती एवढेच म्हणाली, "सासूबाईंच्या सासूबाई बरोबर होत्या म्हणायच्या."

मिस्त्रीने बर्नर साफ केला, पाती धुतली, तार घासून चकचकीत केली. गिझर पेटला, ज्योत निळी. पण त्याने तो भिंतीवर परत लावला नाही. "सर, आत नाही लावणार मी," म्हणाला. मी पैशाचे म्हणू लागलो तर ऐकेना. दोन दिवसांनी पाइप वाढवून गिझर मागच्या उघड्या ओसरीत, पावसाचा फटकारा लागणार नाही अशा जागी लावला. न्हाणीत आता नुसता नळ येतो. झरोक्यातली वर्तमानपत्रे मी काढली, पुठ्ठाही काढला. थंडीचे वारे येते. सौ. अंघोळीला गेली की मी ओसरीत खुर्ची टाकून बसतो आणि गिझरच्या खिडकीतून ज्योतीचा रंग बघतो. ती आतून ओरडते, "बसलात का पहाऱ्यावर?" मी हो म्हणतो.

नातेवाईक मंडळींना वेगळे फोन केले आहेतच. पुण्याच्या भाच्याच्या फ्लॅटमध्ये गिझर अजून आत आहे, तो 'बघू' म्हणाला आहे. तुमच्यापैकी कुणाचा आत असेल तर आज संध्याकाळी झाकण काढून घ्या, आणि ज्योतीचा रंग मला कळवा. बंब पुन्हा माळ्यावर गेलेला नाही. चिंचेने घासून ओसरीतच ठेवला आहे.