डावीकडे धरावं, तर उजवीकडे जातं

मागच्या हिवाळ्यात महिनाभर बंगळूरला मुलाकडे होतो. चिरंजीवांनी चाळिशीत गोल्फ सुरू केलं आहे. एका रविवारी मलाही घेऊन गेले. मी आपला बाकावर बसून बघत होतो. चेंडू निघायचा झोकात आणि मधेच काही आठवल्यासारखा उजवीकडे वळून झाडीत जायचा. याला स्लाइस म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्यांचा हा जुनाच आजार.

"नाना, मी जेवढं डावीकडे धरतो, तेवढा हा जास्त उजवीकडे जातो," चिरंजीव वैतागून म्हणाले.

हे वाक्य डोक्यात बसलं. इतिहासाचा मास्तर मी, घरी येऊन शोधाशोध केली. वळणाऱ्या चेंडूचा इतिहास गोल्फपेक्षाही मजेदार निघाला.

न्यूटनने १६७२ मध्ये प्रकाशावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो असा उल्लेख आहे. नंतर बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने तोफा-बंदुकांचा अभ्यास केला. गोळी वाट सोडते ती स्वतःभोवती फिरते म्हणून, असं त्याचं म्हणणं. ते दाखवायला त्याने बंदुकीच्या नळीचं टोक डावीकडे वाकवलं. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग उजवीकडे वळली! अगदी आमच्या चिरंजीवांचा चेंडू. पण ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाला ते पटलं नाही. गोळीचा आकार सदोष असेल, असं त्याचं मत पडलं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले मजबूत करायला आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. पुढे १८५२ मध्ये जर्मनीत माग्नुसने प्रयोग केले आणि या परिणामाला नाव माग्नुसचं मिळालं. असो.

गोल्फच्या चेंडूचा खरा अभ्यास केला एडिंबराच्या प्रा. पीटर टेट यांनी. त्यांचा मुलगा फ्रेडी नामांकित खेळाडू, १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता. टेटसाहेबांनी चेंडूला फीत बांधली, तो मातीच्या गोळ्यात मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. चेंडू किती गिरक्या घेतो ते असं कळलं. त्या काळी खेळाडू गिरकी हा दोषच मानत. टेट यांनी दाखवलं, की उलटी गिरकीच चेंडूला हवेत तोलून धरते. म्हणजे गिरकी वाईट नाही, ती कलली की चेंडू वाट सोडतो. फ्रेडी १९०० मध्ये बोअर युद्धात मारला गेला. पुढच्याच वर्षी प्रोफेसरही गेले.

मग स्लाइस का होतो? क्लब आपटताना तो ज्या वाटेने येतो, त्या वाटेच्या मानाने त्याचं तोंड उजवीकडे उघडं राहतं. बरीच वर्षं पुस्तकं सांगत, की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. या शतकात रडारने मोजल्यावर कळलं, की चेंडू निघतो तो मुख्यतः तोंडाच्या दिशेने आणि वळतो तो तोंड व वाट यांच्यातल्या फरकामुळे. घाबरलेला नवशिका डावीकडे रोख धरतो. त्याची वाट आणखी डावीकडे जाते, तोंड मात्र झेंड्याकडेच राहतं. फरक वाढतो, स्लाइसही वाढतो. तिथल्या प्रशिक्षकांनी रोख सरळ करायला लावला आणि डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे फिरवून धरायला सांगितलं. बस्स.

हे वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. वाचताना अडखळायचा. मी म्हणायचो, "उभा राहा, मोठ्याने वाच, पुन्हा वाच." जितकं मोठ्याने वाचायला लावलं, तितका तो जास्त अडखळला. वर्ग हसायचा. मीही एकदा हसलो होतो. पुढे त्याने हात वर करणंच सोडलं. मला वाटे, पोरगं हट्टी आहे. चेंडू सदोष आहे, असं ऑयलरला वाटलं तसंच. दोष वाढवत होतो तो मीच.

तो आज कुठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर माफी मागेन.

निघायच्या आदल्या रविवारी चिरंजीवांचे दहापैकी चार चेंडू सरळ गेले. "नाना, बघितलंत?" म्हणाले. बघितलं, बाळा. उरलेल्या सहांबद्दल मी काही बोललो नाही.