सांगाडा इथला, यंत्र तिथलं

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही. पण तिथलं पाणी खाडीलाच जातं. भातसा आणि काळू या नद्या उल्हासला मिळतात आणि उल्हास कल्याणवरून खाडीत उतरते. माणसं आणि मालही पूर्वी याच उताराने जात. जुन्नरकडून नाणेघाट उतरला की पायथ्याला मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे लागतं. तिथून मुरबाडमार्गे कल्याण बंदर गाठायचं, ही सातवाहनांच्या काळापासूनची वाट. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. माहुली आणि माळशेजच्या परिसरातल्या जंगलांतला साग याच दिशेने खाली येई. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी तो तोडत आणि बैलगाड्या तो कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठी पोचवत.

या लाकडाची किंमत राज्यकर्त्यांना ठाऊक होती. ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दोन वर्षांच्या आत या खाडीत लढाऊ गलबतं बांधायला घेतली गेली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. पोर्तुगीज कागदपत्रांत या माणसांचा आकडा 340 असा येतो. पुढे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कान भरल्यावर ही सगळी मंडळी काम टाकून निघून गेली. गलबतं मात्र झाली. साग डोंगरात होता, सुतार आणि लोहार मुलखात होते. शिकवणारा गेला तरी काम थांबलं नाही, आणि स्वराज्याच्या आरमाराची ही सुरुवात फार मोलाची ठरली.

जुनी बोट घ्यावी की नाही, हा प्रश्न शिडाच्या काळात तसा सोपा होता. घेणारा पाण्याखालच्या फळ्या ठोकून पाही. आवाज बद्द आला तर लाकूड आतून गेलंय, खणखणीत आला तर अजून दम आहे. खिळे गंजलेत का, सांध्यांतून पाणी झिरपतं का, डोलकाठीला चीर आहे का, एवढं पाहून सौदा व्हायचा. खराब फळी काढून नवी बसवता येई. सांध्यात कापूस ठासून वरून तेल-डांबर दिलं की काम भागे. लागणारी प्रत्येक वस्तू आणि ती बसवणारा हात खाडीच्या काठावरच मिळत होता.

चांगला साग किती टिकतो, याचा एक जिवंत पुरावा आजही पाण्यावर आहे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत इंग्लंडला ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीकडे जहाजं मागितली. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली तिथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं. त्याचा साग मलबारचा. ऐंशी वर्षांनी, 1897 साली, आरमाराने ते भंगारात काढलं. त्याच वेळी जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाचं ‘फूद्रॉयां’ नावाचं जुनं जहाज वादळात फुटलं होतं आणि तो बदली जहाजाच्या शोधात होता. त्याने भंगारवाल्याकडून ‘ट्रिंकोमाली’ घेतलं, दुरुस्त केलं आणि मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी वापरायला काढलं. ते प्रशिक्षण 1986 पर्यंत चाललं. आज हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे जतन केलेलं आहे. जुन्या जहाजाचा यापेक्षा यशस्वी सौदा क्वचितच सापडेल. त्या जहाजात इंजिन नव्हतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

इंजिन आलं आणि हिशोब पालटला. 1829 साली मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली. सांगाडा मुंबईचा होता, यंत्रं इंग्लंडहून आणवलेली होती. 20 मार्च 1830 रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा ठेवायची सोय होती आणि एडन गाठायलाच अकरा दिवस लागणार होते. म्हणून मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरला आणि बोट पाण्यात खोल बसली. वारा फुकट होता. कोळसा मात्र विकत घ्यायचा, साठवायचा आणि वाटेतल्या बंदरांत आधी नेऊन ठेवायचा, हे नवं ओझं मालकावर पडलं.

शहापूरला वाफेचं इंजिन रुळांवरून आलं. रेल्वे 1854 मध्ये कल्याणला, 1855 मध्ये वाशिंदला, 1860 मध्ये आसनगावला आणि 1861 च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला पोचली. घाटावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला आणि कल्याण बंदराचं महत्त्व ओसरलं. बंदर ओसरलं की त्याच्या काठचे कारागीरही विखुरतात, आणि ते नुकसान कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही.

जुन्या बोटीचा महाराष्ट्रातला सर्वांत धाडसी सौदा 1919 सालचा. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं मोठ्या संख्येने बुडवली होती, कारखान्यांत नव्या जहाजांसाठी रांग होती आणि भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. अशा वेळी ग्वाल्हेर दरबारची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीला निघाल्याची बातमी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कानावर आली. दिल्लीहून परतताना आगगाडीतच त्यांना ती कळली, असं सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी बोट घेतली. 27 मार्च 1919 रोजी साडेचार कोटींच्या भांडवलाची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली.

बोट खानदानी होती. इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधलेली ही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ 1891 पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशी धावत होती. पांढरी शुभ्र, दोन पंख्यांची, 5,905 टनांची, ताशी सोळा सागरी मैल वेगाची. युद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली, जखमी भारतीय सैनिकांसाठी इस्पितळाची बोट केली आणि तिचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं.

पण वय अठ्ठावीस वर्षांचं. तिच्या यंत्रात एकच वाफ लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन सिलिंडरांतून पाठोपाठ प्रसरण पावे. तिच्या जन्मकाळी ही उत्तम रचना होती. 1907 साली ‘मॉरेटानिया’ टर्बाइनवर धावू लागली तेव्हाच प्रवासी बोटींत ती मागे पडली होती. शिवाय असं यंत्र घासून-पुसून चालवता येतं, बॉयलरचं तसं नसतं. नळ्यांत क्षार धरतात, पत्रा आतून खातो, मग सुरक्षिततेसाठी दाब कमी ठेवावा लागतो. दाब घटला की वेग घटतो आणि तेवढ्याच अंतराला कोळसा जास्त दिवस जळत राहतो. वरून रंग कितीही नवा दिला तरी हा खर्च झाकला जात नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो इथे.

5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. भारतीय मालकीची एवढी मोठी बोट युरोपला निघणं ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती. जालियनवाला बाग अजून आठ दिवस दूर होती आणि रौलट कायद्याने देश तापलेला होता. लंडनची फेरी पूर्ण झाली, पण प्रवासी वाहतुकीचं गणित बसलं नाही. 1923 साली ‘लॉयल्टी’ मुंबईतच भंगारात निघाली. ‘ट्रिंकोमाली’ दुसऱ्या मालकाकडे शतकाजवळ टिकली, ‘लॉयल्टी’ चार वर्षं.

तरी हा सौदा चुकला असं म्हणता येणार नाही. नवी बोट मिळायची वाट पाहत बसलं असतं तर कंपनी कागदावरच राहिली असती आणि ब्रिटिश कंपन्यांना तेच हवं होतं. ‘लॉयल्टी’ने भाडं कमावलं नाही, पण सिंदियाला समुद्रावर आणलं. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून सिंदियाला घुसमटवायचा प्रयत्न केला. अखेर 1923 साली दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाला किनाऱ्यापुरतं बांधून ठेवलं गेलं आणि जहाजांच्या टनभारावर मर्यादा आली. जाचक अटी होत्या, पण कंपनी उभी राहिली.

वालचंदांचा दुसरा उद्योग याच काळात शहापूर तालुक्यात पोचला. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देत होतं, पण वाढत्या शहराला ते पुरेना. तानसाहून मुंबईकडे मोठे नळ टाकण्याचं काम वालचंद ज्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचे कर्तेधर्ते होते, तिने केलं. जहाजं असोत की नळ, परदेशी कंपन्यांनी आपलीच मानलेली कामं देशी माणसांनी करून दाखवायची, ही त्यांची जिद्द होती.

दुसऱ्यांची जुनी जहाजं किती दिवस घ्यायची, याचं उत्तर सिंदियाने विशाखापट्टणमला शोधलं. तिथल्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली आणि 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली. लहान बोटींच्या बाबतीतही चित्र बदलत होतं. 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. डिझेल इंजिन इथेच बनू लागलं, त्याचे सुटे भाग बाजारात मिळू लागले आणि ते खोलून जोडणारे मिस्त्री तालुक्याच्या गावांत तयार झाले. नदीकाठच्या शेताला पाणी पाजणारं इंजिन उघडता येणाऱ्या हातांना बोटीचं इंजिन परकं राहिलं नाही. जुनी बोट पाहणारा गिऱ्हाईक फळ्या ठोकून झाल्यावर आता पुढचं विचारू लागला: इंजिन कुठल्या बनावटीचं आहे, भाग कुठे मिळतात, आणि दुरुस्त कोण करतो.