कळंब्याचे पाणी आणि गंगारामांचा चहा

कोल्हापूर शहरास नळाने पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला कळंब्याचा तलाव, शाहू छत्रपतींच्या हाती 1894 साली राज्यकारभार आला त्यापूर्वीचा. आणि चहाचा विचार करणाऱ्याने पत्तीच्या आधी पाणी पाहावे, अशी माझी पक्की धारणा असल्यामुळे या नगरीच्या चहाची हकीकत मी तेथूनच आरंभितो. ताजे पाणी खळखळून उकळावे, विस्तवावरून उतरवताच किटलीत पत्तीवर ओतावे आणि झाकण घालून चारेक मिनिटे स्वस्थ राहू द्यावे, म्हणजे वळलेली पाने सावकाश उलगडून आपला रंग व सुगंध देतात. त्याहून फार वेळ ठेवल्यास तुरटपणा चढतो, आणि पाणी शिळे असेल तर उंची पत्तीही निस्तेज लागते.

पत्तीचीही चिंता दरबाराने वाहिली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 फूट उंचीच्या पन्हाळ्यावर महाराजांनी चहाची लागवड करविली आणि तेथील माल ‘पन्हाळा चहा नं. 4’ या नावाने ओळखला गेला. चहाच्या झुडपास वर्षभर विभागून पडणारा पाऊस मानवतो, आणि येथे तर तो चार महिन्यांतच कोसळून जातो. तरीही असा प्रयोग करून पाहणारा संस्थानिक मला थोर वाटतो.

परंतु या इतिहासाचा गाभा पन्हाळ्यावर नाही, शहरातील भाऊसिंगजी रस्त्यावर आहे. महाराजांच्या पागेत नोकरीस असलेले गंगाराम कांबळे मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातील पाण्यास शिवले, एवढ्यावरून त्यांना चाबकाने निर्दयपणे मारण्यात आले. हे वृत्त कळताच महाराजांनी अपराध्यांस शासन केले, गंगारामांस चाकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंद्यासाठी द्रव्यसाहाय्य दिले. त्यातून या रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल उभे राहिले. ज्याच्या स्पर्शाने हौद बाटतो असे लोक मानीत, त्याच्या हातचा चहा घ्यावयास प्रथम कोणी फिरकेना. तेव्हा खुद्द छत्रपती आपली गाडी त्या दारासमोर थांबवून मोठ्याने चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसही पाजीत; कामाच्या कागदावर सही हवी असणाऱ्यास आधी तेथील चहा घेऊन येण्यास ते फर्मावीत, असेही कोल्हापुरात सांगतात. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा व इमारतींत अस्पृश्यता पाळू नये, असा दरबारचा हुकूम 1919 साली निघाला. हुकमाने विहीर खुली होते, पण दुसऱ्याच्या हातचा पेला ओठास लावण्यास लागणारे मन घडवावे लागते, आणि ते काम महाराजांनी भर रस्त्यात, सर्वांच्या देखत केले. पुढे गंगारामांस सोडावॉटर तयार करण्याचे यंत्रही त्यांनीच देवविले.