पिसाचा मनोरा आणि उतरती फळी

पिसाच्या कललेल्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनें एक जड व एक हलका गोळा सोडला, दोन्ही एकाच क्षणीं भूमीवर आदळले आणि जमलेले पंडित माना खालीं घालून परतले, ही गोष्ट मीं वर्गांत वर्षानुवर्षें रंगवून सांगितली आहे. सेवानिवृत्तीनंतर सवडीनें वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं, गॅलिलिओनें स्वतःच्या कोणत्याहि ग्रंथांत हा प्रसंग लिहिलेला नाहीं. तो सांगितला त्याच्या अखेरच्या काळांतील शिष्य विव्हियानी यानें, १६५४ मध्यें लिहिलेल्या गुरुचरित्रांत. आणि तें छापलें गेलें १७१७ सालीं. गॅलिलिओ पिसास शिकवीत होता १५८९ ते १५९२ पर्यंत. विव्हियानीचा तर जन्मच १६२२ चा! प्रसंग मुळींच घडला नसेल असें नाहीं. पण मी तो डोळ्यांनीं पाहिल्यासारखा सांगत असें, ही माझी चूक.

वस्तु जितकी जड तितकी ती अधिक वेगानें पडते, हें ॲरिस्टॉटलचें मत. त्यास पहिला धक्का गॅलिलिओनें दिला असेंहि नव्हे. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनें लिहून ठेवलें होतें कीं, वजनांत मोठें अंतर असलें तरी पडण्याच्या वेळांत फारच थोडें अंतर पडतें. पुढें हॉलंडांत सायमन स्टेव्हिन व त्याचा मित्र द ग्रोट यांनीं शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दसपट जड, तीस फूट उंचीवरून फळीवर टाकले. दोहोंचा आवाज एकच ऐकूं आला. तें वृत्त स्टेव्हिनच्या १५८६ सालच्या ग्रंथांत आहे.

मग गॅलिलिओचें श्रेय कोणतें? दोन वस्तु बरोबर पडतात एवढ्यावर तो थांबला नाहीं. पडतांना वेग कोणत्या हिशेबानें वाढतो, हें त्यानें विचारलें. अडचण अशी कीं, पडणारी वस्तु निमिषांत खालीं येते आणि त्या काळीं सेकंद मोजणारें घड्याळ नव्हतें. तेव्हां त्यानें पडणेंच मंद केलें! सुमारें बारा हात लांब लांकडास बोटभर रुंद पन्हळ पाडून तिला गुळगुळीत चर्मपत्र लाविलें, एक टोंक किंचित् उचललें आणि कांशाचा घोटीव गोळा सोडला. उतरणीवर वजनाचा थोडाच अंश गोळ्यास पुढें ओढतो. बाकीचा फळी तोलून धरते. वेळ मोजण्यास त्यानें पाणी घेतलें. आपल्याकडील घटिकापात्र बुडतें. येथें मोठ्या भांड्यांतून बारीक धार पेल्यांत पडे, आणि गोळा पोंचेपर्यंत जमलेलें पाणी तो तराजूंत तोली. लांबीचा चौथा भाग उतरण्यास बरोबर निम्मा वेळ लागला. म्हणजे वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर नऊपट. शंभर शंभर वेळां करून पाहिलें तरी फरक पडला नाहीं, असें तो लिहितो.

हा ग्रंथ १६३८ सालीं हॉलंडांतील लायडेन येथें छापावा लागला; धर्मपीठाच्या शिक्षेमुळें त्याला इटलींत मज्जाव होता. विसाव्या शतकांत कॉयरे या इतिहासकारानें शंका काढली कीं, इतक्या ओबडधोबड साधनांनीं एवढी अचूकता येणें शक्य नाहीं. थॉमस सेटल यानें तशीच फळी व तसेंच पाणी घेऊन प्रयोग केला आणि १९६१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला : अचूकता खरोखरच येते. मनोऱ्याची गोष्ट शाबीत झाली नाहीं, फळीची झाली.

कारणाचा उलगडा न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथानें झाला. प्रेरणा वस्तूस केवळ गति देत नाहीं, ती गतींत बदल घडविते. दुप्पट जड गोळ्यास पृथ्वी दुप्पट जोरानें ओढते खरी, पण त्याचें जडत्वहि दुप्पट. म्हणून वेग सारखाच वाढतो. पीस मागें रेंगाळतें तें हवेच्या अडथळ्यामुळें.

२ ऑगस्ट १९७१ रोजीं चंद्रावर, जेथें हवा नाहीं, डेव्हिड स्कॉट यानें एका हातांतून हातोडा व दुसऱ्यांतून ससाण्याचें पीस एकदम सोडलें. दोन्ही बरोबरच धुळींत पडलीं. त्याचें चलच्चित्र उपलब्ध आहे. तेथें विव्हियानीची साक्ष काढावी लागत नाहीं.