हाक कोणाची ऐकू येते?

लंडन, एडिंबरा यांसारख्या जुन्या शहरांत संध्याकाळी भुतांच्या गोष्टी सांगत पर्यटकांना गल्लीबोळांतून हिंडवण्याची रीत आता रुळली आहे. मराठी मुलखात अशी फेरी काढायची झाली, तर तिचा मुख्य थांबा शनिवारवाडाच असणार. पौर्णिमेच्या रात्री तेथे 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका वाडा न पाहिलेल्या आमच्या धानोऱ्याच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असते.

घटना ३० ऑगस्ट १७७३ची. गणपतीचे दिवस होते. सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात शिरले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांचा त्यांनी वध केला. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, असे परंपरा सांगते. इतिहासकारांत त्याविषयी एकमत नाही. भाषेने मात्र पुराव्याची वाट पाहिली नाही. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार रूढ झाला आणि आनंदीबाई कायमच्या दोषी ठरल्या. राघोबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे बारभाईंनी त्यांना दूर सारून नारायणरावांच्या मरणोत्तर जन्मलेल्या मुलाला गादीवर बसवले हे खरे. पण १७८३ साली राघोबा वारले ते शिक्षा न भोगताच. भुताची गोष्ट जन्माला येते ती अशा अपुऱ्या न्यायातून, असे आम्हांला वाटते. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' (१९०९) आणि प्रभातचा 'रामशास्त्री' (१९४४) यांनी हाच खटला पुन्हा उभा केला. (वाडा स्वतः १८२८च्या आगीत जळाला, उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती.)

परंतु त्या दिवशी एकटे नारायणराव मेले नाहीत. धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चाफाजी टिळेकर हा हुजऱ्याही कापला गेला. आणखीही नोकरमाणसे गेली. पौर्णिमेच्या रात्री त्यांची हाक कोणी ऐकल्याचे सांगत नाही. आख्यायिकेतही मानपान असतो!

आमच्या भागात एक पिंपळ आहे. मराठी लोकसमजुतीत पिंपळ म्हटला की मुंजा आलाच. पण चंद्रपूरच्या कारागृहातल्या त्या पिंपळाला भुताची गोष्ट चिकटलेली आम्ही ऐकलेली नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तेथे बाबूराव शेडमाके यांना फाशी देण्यात आले. मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदाराने कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीचे होते. न्याय तेथेही झाला नव्हता. तरीही लोक त्या झाडाला भीत नाहीत. दरवर्षी त्या तारखेला ते श्रद्धांजली वाहायला जमतात. ज्याचे नाव घेणारी माणसे उरली आहेत, त्याला रात्री हाका मारण्याची गरज पडत नसावी. चाफाजीच्या वाट्याला मात्र ना आख्यायिका आली, ना पिंपळ.