असिसात ओशोआला : गोलांचा आणि थकलेल्या पैशांचा इतिहास

१/ ३० ऑक्टोबर २०२२. नवी मुंबई, नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी समोरासमोर होते. नायजेरियाची ३-० ही आघाडी जर्मनीने पुसून काढली. अखेर पेनल्टी शूटआऊटमध्ये नायजेरिया ३-२ ने जिंकली. या वयोगटातील नायजेरियन मुलींचे हे पहिले विश्वचषक पदक महाराष्ट्राच्या मातीवर मिळाले.

२/ या मुली ज्या परंपरेतून आल्या, तिचे आजच्या पिढीतील सर्वांत ठळक नाव म्हणजे आघाडीची खेळाडू असिसात ओशोआला. तिची कारकीर्द नुसत्या गोलांनी मोजली तर अर्धीच कळते. उरलेला अर्धा भाग जिंकूनही वेळेवर न मिळालेल्या पैशांचा आहे.

३/ थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या संलग्न क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली. ती उठायला १९७० उजाडले. ज्या साम्राज्याने हा खेळ भारतात आणि नायजेरियात नेला, त्याच्याच घरी स्त्रियांना मैदान बंद होते. स्त्रियांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. त्यात आफ्रिकेतून एकच संघ होता : नायजेरिया. तेव्हापासून २०२३ पर्यंतचा एकही विश्वचषक या संघाने चुकवलेला नाही.

४/ ओशोआलाच्या आधीचे मोठे नाव पर्पेच्युआ न्कोचा. २००४ च्या आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नायजेरियाने कॅमेरूनला ५-० असे हरवले. त्यांपैकी चार गोल एकट्या न्कोचाचे. २०१० च्या स्पर्धेत तिने अकरा गोल केले. आफ्रिकेच्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान तिला चार वेळा मिळाला. तिची क्लब कारकीर्द मात्र बव्हंशी स्वीडनच्या उत्तरेकडील एका थंड गावात गेली.

५/ २००४ चे ते विजेतेपद दक्षिण आफ्रिकेत मिळाले होते. पण ठरलेला बोनस हाती न पडल्याने विजेत्या खेळाडूंनी हॉटेल सोडण्यास नकार दिला. करंडक खोलीत, खेळाडू हॉटेलात आणि पैसे कागदावर, असे ते चित्र होते. पुढे ते पुन्हा पुन्हा दिसणार होते.

६/ असिसातचा जन्म ९ ऑक्टोबर १९९४ चा, लागोसजवळच्या इकोरोडूचा. घर योरुबा मुस्लिम. मुलीने शिकावे, चेंडूमागे धावू नये, असे आईवडिलांचे मत. पाठीशी उभी राहिली ती आजी. एफसी रोबो आणि मग रिव्हर्स एंजल्स या देशी क्लबांतून तिचा खेळ घडला.

७/ २०१४ मध्ये कॅनडात वीस वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. अंतिम सामना नायजेरिया जर्मनीकडून हरली, परंतु सात गोलांसह सर्वाधिक गोलांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा असे दोन्ही पुरस्कार ओशोआलाने नेले. पुढच्याच वर्षी ती मुख्य विश्वचषकात उतरली. त्या संघात एकोणचाळीस वर्षांची न्कोचाही होती. दोन पिढ्या एकाच रंगाच्या जर्सीत उभ्या होत्या.

८/ नंतरचा प्रवास लिव्हरपूल, आर्सेनल, चीनमधील दालियान आणि २०१९ पासून बार्सिलोना असा झाला. २०१९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिऑनविरुद्ध बार्सिलोना ४-१ ने हरली. तो एकमेव गोल ओशोआलाचा. २०२१ आणि २०२३ मध्ये तिने ही स्पर्धा जिंकली. २०२१-२२ च्या मोसमात वीस गोलांसह ती स्पॅनिश लीगमध्ये संयुक्तपणे अव्वल ठरली. आफ्रिकेच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तिने सहा वेळा मिळवला आणि न्कोचाचा विक्रम मोडला.

९/ आता दुसरा हिशेब. डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियाने यजमान कॅमेरूनला १-० ने हरवून आफ्रिकेचे अजिंक्यपद राखले. सहा गोलांसह ओशोआला स्पर्धेत सर्वांत पुढे. मायदेशी परतल्यावर थकलेल्या बोनससाठी याच संघाने राजधानी अबुजातील हॉटेलात ठिय्या दिला आणि फलक घेऊन संसदेवर मोर्चा नेला. २०१९ च्या विश्वचषकानंतर फ्रान्समध्ये पुन्हा ठिय्या. २०२२ मध्ये मोरोक्कोत तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी सरावावर बहिष्कार.

१०/ एके काळी प्रताप मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या अमळनेरला आणि गिरण्यांच्या खानदेशाला या घटनांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. केलेल्या कामाचे पैसे मागणे म्हणजे देशद्रोह नव्हे. फरक इतकाच की कामगाराच्या कामाला काम म्हटले जाते. स्त्रियांच्या खेळाला मात्र हौस किंवा देशसेवा म्हणून मोकळे होता येते.

११/ हे दर वेळी विजयाच्या आसपासच का घडते? क्लबशी खेळाडूचा लेखी करार असतो आणि पगार ठरलेला असतो. राष्ट्रीय संघात उत्पन्न असते ते बोनस आणि दैनिक भत्त्याचे, आणि त्याची किल्ली संघटनेकडे. करंडक हातात असतो तेवढेच दिवस देशाचे लक्ष असते. घरी पांगल्यावर कोण विचारणार? म्हणून ठिय्याची वेळ तीच. युरोपातील करारामुळे ओशोआलासारखीचे पोट संघटनेवर अवलंबून नव्हते. देशी लीगमध्ये खेळणाऱ्या तिच्या सहकाऱ्यांजवळ ते बळ नव्हते. संपूर्ण संघ एकत्र बसला, याचे महत्त्व त्यात आहे.

१२/ भारताची तुलना बोलकी आहे. येथे महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारतीय संघ पोहोचला, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा. दोन्हीदा उपविजेता. पण नियमित सामने आणि स्पर्धा टिकल्या नाहीत. २००९ मध्ये तर निष्क्रियतेमुळे भारताचे नाव फिफाच्या क्रमवारीतून वगळले गेले. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या मोसमात. नायजेरियाच्या खेळाडूंना पैशांसाठी भांडावे लागले. भारताच्या एका संपूर्ण पिढीला भांडण्यापुरतेही सामने मिळाले नाहीत.

१३/ २०२३ च्या विश्वचषकात ओशोआलाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयी ठरलेला गोल केला. तीन विश्वचषकांत गोल करणारी ती पहिली आफ्रिकी स्त्री. जुलै २०२५ मध्ये नायजेरियाने मोरोक्कोविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ३-२ ने अंतिम सामना जिंकला. त्या संघातही ती होती.

१४/ नेरूळला पदक घेऊन गेलेल्या मुली आता विशीत आहेत. त्यांच्यातील काही जणी पुढे देशाच्या मुख्य संघात येतील. गोल कसे करावेत हे न्कोचा आणि ओशोआलाने त्यांना दाखवून ठेवले आहे. जिंकल्यानंतर त्यांना हॉटेलात बसून राहावे लागणार की नाही, हे मात्र त्यांच्या पायांवर ठरणार नाही. ते संघटनेच्या हिशेबवहीत ठरेल.